पुढच्या चाकाला किती मोकळीक द्यायची?

दगडधोंड्यांवर चढणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या फोटोंमध्ये पुढचे एक चाक हमखास हवेत दिसते. फोटो रुबाबदार येतो, पण गाडीसाठी ती अडचणच आहे. हवेतले चाक गाडी ओढत नाही, वळवत नाही, थांबवतही नाही. डिफरेन्शियल (इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरची जोडणी) साधे असेल तर लटकलेले चाक गरगर फिरत राहते आणि जमिनीवरच्या त्याच्या जोडीदाराला पुरेसा जोर मिळत नाही. म्हणून ऑफ-रोड गाडीचे पुढचे सस्पेन्शन, म्हणजे चाकांना गाडीशी जोडणारी आणि धक्के झेलणारी रचना, आखताना आरामाच्याही आधी एक प्रश्न येतो: जमीन कितीही वेडीवाकडी असली तरी चाक तिला टेकलेले कसे राहील?

पुढच्या चाकांचे काम मागच्यांपेक्षा अवघड आहे. त्यांना वर-खाली व्हायचे आहे, डावी-उजवीकडे वळायचे आहे आणि हे चालू असताना इंजिनाची ताकदही जमिनीत उतरवायची आहे. आजवरच्या सगळ्या रचना ही तीन कामे एकत्र बसवण्याचे प्रयत्न आहेत.

सर्वांत जुनी रचना म्हणजे अखंड ॲक्सल. डावे आणि उजवे चाक एकाच भक्कम पोलादी आवरणाच्या दोन टोकांना जोडलेले असते आणि डिफरेन्शियल त्याच आवरणात असते. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप अशा ॲक्सलवर आणि पाट्यांच्या स्प्रिंगवर धावली. 1970 च्या रेंज रोव्हरने ॲक्सल अखंडच ठेवला, पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग लावल्या. जीप रँग्लर आणि सुझुकी जिम्नी या गाड्यांनी पुढचा अखंड ॲक्सल आजही सोडलेला नाही, आणि त्याला ठोस कारण आहे. एका बाजूचे चाक दगडावर चढले की ॲक्सल तिरपा होतो आणि दुसरे चाक आपोआप खाली दाबले जाते. शिवाय चाकाबरोबर डिफरेन्शियलही थोडे वर उचलले जाते, त्यामुळे स्प्रिंग कितीही दबली तरी ॲक्सलखालची मोकळी जागा कमी होत नाही. खडकांवर पावलापावलाने चालणाऱ्या गाडीसाठी मला आजही यापेक्षा भरवशाची रचना दिसत नाही.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर, म्हणजे गाडीला जोडलेल्या दांड्यावर, वर-खाली होते. बहुतेक ठिकाणी वर एक आणि खाली एक असे बेचकीच्या आकाराचे दोन आर्म असतात. त्यांना डबल विशबोन म्हणतात. डिफरेन्शियल चासीला पक्के बसवलेले असते आणि त्यातून दोन छोटे शाफ्ट चाकांकडे जातात. इथे चाकाचा वर-खाली होण्याचा प्रवास कुठे थांबतो, हे बहुधा स्प्रिंगवर अवलंबून नसते. ते ठरते शाफ्टच्या सांध्यांवर.

आतल्या बाजूचा सीव्ही जॉइंट (वाकलेल्या स्थितीतही ताकद सारख्या गतीने पुढे नेणारा सांधा) साधारण 25 अंशांपर्यंत वाकून काम करतो, असे धरू. दोन सांध्यांमधला शाफ्ट 45 सेंटिमीटरचा असेल, तर त्याचे बाहेरचे टोक सरळ स्थितीपासून वर किंवा खाली सुमारे 19 सेंटिमीटर जाऊ शकते. शाफ्ट 60 सेंटिमीटरचा केला, तर तेवढ्याच कोनात 25 सेंटिमीटर मिळतात. सांधा तोच आणि कोनही तोच. फक्त लांबी वाढल्याने चाकाला जास्त मोकळीक मिळाली. बाहेरच्या सांध्याची परीक्षा आणखी कडक असते. त्याला सस्पेन्शनचा कोन आणि स्टिअरिंगचा कोन दोन्ही एकाच वेळी पेलावे लागतात. स्टिअरिंग पूर्ण वळवलेले, चाक खाली लोंबकळलेले आणि त्यातच ॲक्सिलरेटर दाबलेला, अशा क्षणी सांधे तुटतात.

म्हणून लांब आर्म हवेत, आणि लांब आर्मसाठी गाडी रुंद हवी. डाकार रॅलीमध्ये 2022 साली टी-वन-प्लस हा नवा वर्ग आला. त्यात गाडीची रुंदी 2 मीटरवरून 2.3 मीटरपर्यंत नेण्याची मुभा मिळाली, टायर 37 इंची झाले आणि सस्पेन्शनचा प्रवास 280 मिलिमीटरवरून 350 मिलिमीटर झाला. हे बदल एकत्र आले, कारण ते एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. वाढलेल्या रुंदीचा काही भाग जाड टायरने घेतला, उरलेला आर्मच्या उपयोगी पडला.

रुंदी न वाढवता लांबी मिळवण्याचा एक सुंदर उपाय फोर्डने 1965 मध्ये पिकअप ट्रकवर आणला. डाव्या चाकाचा दांडा गाडीच्या मध्यरेषेच्या पलीकडे उजव्या बाजूला टांगायचा आणि उजव्याचा डाव्या बाजूला. दोन्ही दांडे एकमेकांना ओलांडून जातात आणि जवळजवळ दुप्पट लांब होतात. 1980 मध्ये याच कल्पनेची फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती आली. तिच्यात चाक वर-खाली होताना बरेच कलते आणि टायर असमान झिजतात, म्हणून सामान्य गाड्यांमधून ती मागे पडली. वाळवंटात भरधाव धावणाऱ्या ट्रकमध्ये मात्र ती पुढेही टिकून राहिली. गाडीच्या रचनेतल्या फार थोड्या कल्पना मला इतक्या सरळ आणि धीट वाटतात.

इथवर वेगाचा विषय आला नाही, आणि अखंड ॲक्सलची खरी मर्यादा वेगातच कळते. ॲक्सलचे आवरण, डिफरेन्शियल, ब्रेक आणि चाके हे सगळे वजन स्प्रिंगच्या खाली असते आणि प्रत्येक खड्ड्याबरोबर उसळते. कच्च्या रस्त्यांवर वाहनांच्या वर्दळीने आडव्या लाटा तयार होतात. दोन लाटांमध्ये एक मीटर अंतर असेल आणि गाडी ताशी 40 किलोमीटरने जात असेल, तर चाकाला सेकंदाला 11 धक्के बसतात. चाकाची स्वतःची उसळण्याची गती बहुतेक गाड्यांमध्ये सेकंदाला 10 ते 15 वेळा असते. दोन्ही आकडे जुळले की चाक नाचू लागते आणि गाडी बाजूला सरकते. स्प्रिंगखालचे वजन जितके जास्त, तितके ते आवरणे शॉक ॲब्सॉर्बरला, म्हणजे उसळी शमवणाऱ्या तेल भरलेल्या नळीला, कठीण. ती सगळी उसळी तेलात जिरते आणि तेल तापते. तापलेल्या तेलाला फेस आला की शॉक ॲब्सॉर्बर हवा भरलेल्या पंपासारखा पोकळ चालतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीतल्या शॉक ॲब्सॉर्बरला तेलाची वेगळी टाकी आणि दाबाखालचा नायट्रोजन त्यासाठीच दिलेला असतो.

टोयोटा लँड क्रूझरची मुख्य मालिका 1998 मध्ये पुढे स्वतंत्र सस्पेन्शनकडे वळली. मर्सिडीजची जी-क्लास 1979 पासून दोन्हीकडे अखंड ॲक्सलवर चालत होती. 2018 मध्ये तिच्या पुढच्या बाजूला डबल विशबोन आले, मागचा ॲक्सल तसाच राहिला. या बदलामुळे गाडी पांढरपेशी झाली, असे अनेक चाहते म्हणाले. मला ते पटत नाही. रस्त्यावर सरळ धावणे आणि वळणावर अचूक वळणे हेही गाडीचे काम आहे आणि स्टिअरिंगने वळणारी पुढची चाके त्यात सर्वांत महत्त्वाची असतात.

आता थोडे स्प्रिंगबद्दल. गाडी नुसती उभी असताना तिच्या वजनाने स्प्रिंग जितकी दबते, जवळपास तितकेच चाक खड्ड्यात खाली जाऊ शकते. मऊ स्प्रिंगवर सेकंदाला एकदा डोलणारी गाडी चाकाशी मोजल्यास सुमारे 25 सेंटिमीटर दबलेली असते. सेकंदाला दीड वेळा डोलणारी सुमारे 11 सेंटिमीटर. कडक स्प्रिंग लावून गाडी मजबूत झाली असे वाटते, पण खाली जाण्याची मोकळीक निम्म्याहून कमी होते आणि चाक पुन्हा हवेत लटकते.

डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा अँटी-रोल बारही हेच करतो. वळणावर तो गाडी कलू देत नाही, दगडांवर मात्र चाक धरून ठेवतो. म्हणून रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीत तो बटण दाबून सोडता येतो.

स्टिअरिंगचा दांडा आणि ॲक्सल वर-खाली होताना वेगवेगळ्या वर्तुळांवर फिरले, तर हात न लावता चाक वळते. अखंड ॲक्सलला आडवा आधार देणारा पॅनहार्ड रॉड असेल, तर तो आणि स्टिअरिंगचा दांडा समांतर आणि शक्यतो सारख्या लांबीचे ठेवतात. धक्का लागल्यावर चाक कुठल्या दिशेने सरकते हेही पाहावे लागते. दगडाला धडकलेले चाक वर जाताना थोडे मागेही गेले, तर धक्का बोथट होतो. अनेक जुन्या गाड्यांत पुढच्या पाट्यांचे मागचे टोक पक्के आणि पुढचे सरकते असे. पाटा दबून सरळ झाला की ॲक्सल पुढे, म्हणजे नेमका दगडाच्या दिशेने जाई. त्या गाड्यांच्या दणक्यांचे एक कारण हे होते.

गाडी उंच करण्याची हौस अनेकांना असते, म्हणून शेवटी तिच्याबद्दल. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत स्प्रिंगच्या वर नुसती चकती घालून पुढचा भाग 5 सेंटिमीटर वर उचलला, तर चाकाचा एकूण प्रवास वाढत नाही. त्यातला खाली जाण्याचा वाटा 5 सेंटिमीटरने घटतो. शाफ्ट सरळ रस्त्यावरही तिरपे राहतात, सीव्ही जॉइंटची रबरी टोपणे लवकर फाटतात आणि आत धूळ शिरते. चाकाचा स्टिअरिंगचा अक्ष थोडा मागे कललेला असतो, त्यामुळे वळण संपले की स्टिअरिंग आपोआप सरळ येते. गाडी उचलल्यावर हा कलही बदलू शकतो, तेव्हा अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी, पुन्हा करून घ्यावी लागते. ॲक्सल अखंड असलेल्या गाडीत जास्त लांब स्प्रिंग, तितकेच लांब शॉक ॲब्सॉर्बर आणि लांबी जुळवता येणारे आर्म लावून प्रवास खरोखर वाढवता येतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये तोच फायदा हवा असेल तर आर्म आणि शाफ्ट दोन्ही लांब घ्यावे लागतात, आणि मग गाडी रुंदही होते.