वेणी घालता येते का?

आई एके दिवशी वेणी पुढे घेऊन घालू लागली. आम्हाला त्यात काही वाटलं नाही. मग लक्षात आलं, केस विंचरताना तिचा हात वर जातच नाही, मानच हाताकडे खाली येते. मागच्या हुकांचे ब्लाउज नेसणीतून गेले होते, साखरेचा डबा वरच्या फळीवरून ओट्यावर उतरला होता. विचारलं तर म्हणाली, "वय झालं आता." खरं तर तिचा उजवा खांदा आखडला होता आणि कितीतरी महिने ती त्याला सांभाळून कामं उरकत होती.

खांद्याचं दुखणं असं लपतं. कंबर वाकवून, खांदा उचकून, डावा हात पुढे करून माणूस वेळ मारून नेतो. म्हणून हात किती अंश वर जातो एवढं मोजून पुरत नाही, रोजची कामं विचारावी लागतात.

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी त्यासाठी 12 प्रश्नांची 'सिंपल शोल्डर टेस्ट' तयार केली. उत्तर फक्त हो किंवा नाही. शर्ट मागून खोचता येतो का? कोपर न वाकवता खांद्याएवढ्या उंच फळीवर नाणं ठेवता येतं का? रात्री झोप नीट लागते का? प्रश्न साधे वाटतात, पण प्रत्येकात वेगळी हालचाल दडलेली असते. शर्ट खोचताना दंड आत वळतो, डोक्यामागे हात नेताना बाहेर. आखडलेल्या खांद्यात हे बाहेर वळणं बहुधा सगळ्यात आधी जातं. वेणी अडते ती तिथेच.

याच यादीत सॉफ्टबॉल सुमारे 18 मीटर फेकता येतो का, असंही विचारलं आहे. आईला हे विचारून काय कळणार? मला वाटतं, नुसते शब्द मराठीत आणून भागणार नाही, कामंच आपल्या घरातली हवीत. वेणी, माळ्यावरचा डबा, पाण्याची बादली. अर्थात प्रश्न बदलले की ते रुग्णांवर नव्याने पडताळून घ्यावे लागतात, नाहीतर 'हो' किती आले या गुणांची तुलना करता येत नाही.

आईच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न वेणीचाच विचारला. मग तिचा हात त्यांनी स्वतः उचलून पाहिला, तोही अर्ध्यावर अडला. खांद्यातली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, फाटली असती, तर दुसऱ्याने उचललेला हात बहुतेक वेळा वर गेला असता. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. साखर वाढलेली निघाली.