दमलेला कुत्रा आणि निवलेला कुत्रा

घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर चढलं आणि डॉक्टरांनी बजावलं की ६ आठवडे या पायावर भार टाकायचा नाही. मी मुकाट्याने मान डोलावली. बंड्याला मात्र कोणी काही बजावलं नव्हतं. दीड वर्षाचा कुत्रा, अंगात वारं शिरल्यासारखा, रोज सकाळ-संध्याकाळ पाऊण पाऊण तास फिरून यायची सवय. पहिल्या दोन दिवसांत त्याने एक चप्पल आणि उशीची खोळ संपवली. तिसऱ्या दिवशी मला तोडगा सापडला. पलंगावर बसूनच पॅसेजमध्ये बॉल फेकायचा. ३०-४० वेळा फेकला की तो हातभर जीभ काढून धापा टाकत आडवा व्हायचा आणि मला वाटायचं, झालं काम.

दहा मिनिटांनी बॉल पुन्हा माझ्या मांडीवर. ओला.

आठवड्याभरात ४० फेकींच्या ६० झाल्या. संध्याकाळी तो आधीपेक्षा जास्त उधळायला लागला, आणि एका रात्री उशी ओढण्याच्या नादात थेट प्लास्टरवर येऊन आदळला. मी त्याला रोज दमवत होते, पण तो निवत नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे धडधाकट असताना लक्षातच आलं नव्हतं, कारण बाहेरच्या फेरीत त्या आपोआप एकत्र घडतात. कुत्रा पळतो, मग थांबतो, हुंगतो, रमतगमत घरी येतो. आपण अंथरुणाला खिळलो की त्यातलं पळणं तेवढं आठवतं आणि आपण तेच घरात कोंबायला बघतो.

चूल विझवली तरी तवा लगेच निवत नाही. बॉलचंही तसंच. दिसलं की झेपावायचं, पाठलाग करायचा, तोंडात धरायचं, हा शिकारीचाच एक तुकडा आहे आणि तो शरीराला तापवतो. अ‍ॅड्रेनलिन उसळतं, छाती धडधडते. पळणं थांबल्यावर श्वास काही मिनिटांत जागेवर येतो, पण ताणाच्या वेळी रक्तात वाढलेलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक उतरायला बराच जास्त वेळ घेतं. म्हणजे पाय थकलेले आणि डोकं अजून मैदानात. शिवाय रोजच्या धावण्याने दमसास वाढतो, हे पळणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मी घरबसल्या एक खेळाडू घडवत होते. गुळगुळीत फरशीवर गर्रकन वळताना गुडघ्यातला स्नायुबंध दुखावण्याची भीती होती ती वेगळीच. एका घरात एक लंगडा पुरे. लेझरच्या लाल ठिपक्यामागे पळवण्याचा सल्लाही मला मिळाला होता, तो तर मुळीच नको. ठिपका कधी हाती लागत नाही, आणि काही कुत्र्यांना मग सावल्या आणि कवडसे शोधत फिरण्याचा चाळाच जडतो.

दोघांतला फरक ओळखायचा कसा? धापा बघून नाही. दमलेला पण तापलेला कुत्रा आडवा होतो तोही उठायच्या तयारीत: मागचे दोन्ही पाय अंगाखाली दुमडलेले, डोकं वर, बुबुळं मोठी, नजर तुमच्या हातावर. जीभ रुंद होऊन टोकाशी वळलेली. खाऊ पुढे केलात तर बोटांसकट ओढतो. निवलेला कुत्रा एका कुल्ल्यावर कलतो, मागचे पाय एका बाजूला सांडतो, हनुवटी जमिनीला टेकवतो आणि नाकातून एक लांब सुस्कारा सोडतो. कोणी उठून पाणी प्यायला गेलं तर त्याचा कान हलतो, पण अंग हलत नाही. हा सुस्कारा ऐकू यायला लागला की समजायचं.

आता निववायचं कशाने, तर मुख्यतः नाकाने. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी २० ते ३० कोटी, माणसाच्या नाकात ५०-६० लाख. हुंगताना तो सेकंदाला पाचेक वेळा श्वास ओढतो, आणि उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींमधून सोडतो, त्यामुळे पुढचा वास विस्कटत नाही. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळीव कुत्र्यांच्या एका गटाला २ आठवडे वासाने खाऊ शोधायचं काम दिलं, दुसऱ्या गटाला मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव. आधी आणि नंतर परीक्षा अशी: एका जागी ठेवलेल्या वाडग्यात खाऊ असतो, दुसऱ्या जागी नसतो, हे कुत्र्याला शिकवायचं आणि मग वाडगा मधोमध ठेवायचा. नाकाचं काम केलेले कुत्रे नंतर त्या संशयास्पद वाडग्याकडे आधीपेक्षा लवकर गेले. पायाशी चालणाऱ्यांत तसा फरक पडला नाही. हुंगण्याने कुत्र्याचा कल आशेकडे झुकतो, एवढं यातून म्हणता येतं. हुंगल्याने तो किती दमतो, हे यात मोजलेलंच नाही. ‘पंधरा मिनिटं हुंगणं म्हणजे तासभर चालणं’ असली गणितं सर्रास ऐकायला मिळतात, ती मी मनावर घेत नाही. गणित दमण्याचं आहे, आणि आपल्याला हवंय निवणं.

मी वापरला तो एक जुना टॉवेल. पलंगावर पसरायचा, डॉग फूडचे मूठभर दाणे टाकायचे, सैल गुंडाळी करायची आणि खाली ठेवायची. पहिल्या दिवशी बंड्याने ती दातांत धरून जी झटकली, की सगळे दाणे चार सेकंदांत खोलीभर. माझीच चूक, पहिल्याच दिवशी गुंडाळी केली होती. दुसऱ्या दिवशी टॉवेल नुसता पसरला आणि थोड्या चुण्या पाडल्या. चौथ्या दिवशी गुंडाळी, दहाव्या दिवशी तिला एक ढिली गाठ. ते बघण्यापेक्षा ऐकण्यात मजा आहे. आधी फुसफुस, फुसफुस अशी जलद लय, मग क्षणभर काहीच नाही, मग दाढेखाली दाणा फुटल्याचा आवाज. नाकाने टॉवेल एक घडी पुढे ढकलला जातो आणि पुन्हा तेच. संपलं की तो शेपटीच्या टोकापर्यंत अंग झाडतो, पाणी पितो आणि कलतो. दाणे मात्र त्याच्या रोजच्या मापातलेच काढायचे, कारण फिरणं बंद असताना वजन बघता बघता वाढतं. एका वेळचं पूर्ण जेवण वाडग्याऐवजी टॉवेलमधून गेलं तरी काही बिघडत नाही.

चाटणं आणि चघळणं हेही निववण्याच्याच बाजूचं. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही, फक्त तीन गोष्टी सांभाळा. चघळायच्या वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून खूण उमटत नसेल तर ती दाताला जड आहे. शिजवलेलं हाड चिरफळतं, ते देऊ नका. पीनट बटर लावून देणार असाल तर डब्यावरची घटकांची यादी वाचा. झायलिटॉल नावाचा गोडवा असेल तर तो डबा कुत्र्यापासून लांब, कारण ते त्याच्यासाठी विष आहे.

नाकाइतकंच उपयोगी पडलं ते काहीच न करण्याचं शिक्षण. पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ कॅरन ओव्हरॉल यांचा १५ दिवसांचा एक सराव श्वानपालकांत प्रसिद्ध आहे. कुत्र्याने जागेवर राहायचं, आपण टाळी वाजवायची, एक पाऊल मागे जायचं, नंतर दाराबाहेर, आणि तो शांत राहिला की खाऊ. पावलं टाकण्याचा भाग मला शक्य नव्हता. मी त्यातली कल्पना घेतली आणि कुबड्यांवर बसवली. कुबडी नुसती हातात घेतली, बंड्या चटईवरच राहिला, पंजांमध्ये एक दाणा. कुबडी फरशीवर टेकवली, एक दाणा. दोन्ही टेकवून उठल्यासारखं केलं आणि परत बसले, एक दाणा. दाणा हवेत उडवायचा नाही, हळूच खाली ठेवायचा, नाहीतर तोही बॉलच होतो. तोवर कुबडीचा टकटक आवाज म्हणजे ‘चला, काहीतरी घडणार!’ होता. आठवड्याने तो ‘चटईवर काहीतरी मिळणार’ असा झाला. माझ्या पडण्याची भीती यानेच सगळ्यात जास्त कमी झाली.

ती भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००९ मध्ये २००१ ते २००६ या काळातली आकडेवारी दिली होती: कुत्र्यामांजरांमुळे पडून दवाखान्याच्या तातडीच्या विभागात पोचलेली माणसं, वर्षाला ८६ हजारांहून जास्त. त्यांतली सुमारे ८८ टक्के प्रकरणं कुत्र्यांची. कोणी पायात आल्याने अडखळलं, कोणाला पट्ट्याने ओढलं. तेव्हा एका पायावर उभं असताना पट्टा मनगटाला गुंडाळणं किंवा कमरेला बांधणं म्हणजे दुसरा पायही पणाला लावणं.

आता त्या संध्याकाळच्या उधळण्याबद्दल. कान मागे टाकून, शेपूट पोटाशी घेऊन घरभर वाऱ्यासारख्या घिरट्या. मी तो सगळा कंटाळा समजत होते आणि कंटाळ्यावर उपाय म्हणून पुन्हा बॉल काढत होते. पण मोठा कुत्रा दिवसाच्या २४ तासांत साधारण १२ ते १४ तास झोपतो. एरवी मी कामावर गेले की बंड्या दुपारभर झोपत असणार. आता मी घरात, भेटायला येणाऱ्यांची रीघ, बेल वाजते, दार उघडतं, कोणी ना कोणी त्याला ‘अले अले’ करतं. त्याची झोप मी आणि माझ्या प्लास्टरने खाल्ली होती. पेंगुळलेलं मूल झोपायच्या ऐवजी किरकिरतं, तसलाच प्रकार. ओळखायची माझी साधी युक्ती म्हणजे तोच टॉवेल. कंटाळलेला कुत्रा त्यात नाक खुपसून बुडून जातो. झोपेला आलेला अर्ध्या मिनिटात सोडून देतो आणि तुमच्या पायजम्याला लटकतो. अशा वेळी पडदे ओढायचे, चघळायला काहीतरी द्यायचं आणि त्याला वेगळ्या खोलीत एकटं सोडायचं. दुपारी दोन तास भेटायला कोणी यायचं नाही, हा नियम मी बंड्यासाठी केला आणि माझीही झोप झाली.

फिरवायला शेजारचे काका तयार झाले. भला माणूस. पहिल्या दिवशी घामाघूम होऊन आले, म्हणाले, “चांगला तीन राउंड पळवलाय, आता बघ कसा झोपतो!” म्हणजे माझाच गोंधळ, फक्त घराबाहेर. मी म्हटलं, “काका, पळवू नका. त्याला हुंगायचं तिथे हुंगू द्या, एका खांबापाशी दहा मिनिटं गेली तरी चालेल.” दुसऱ्या दिवशी ते जरा नाराजच होते. “अगं, हा चालतच नाही, नुसता वास घेतो!” पण त्या संध्याकाळी घिरट्या झाल्या नाहीत, हे त्यांनीच येऊन विचारून घेतलं. फिरवणारा नवखा असेल तर गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस आणि साधा लांब पट्टा द्यावा. बटण दाबून गुंडाळला जाणारा बारीक दोरीचा नको. ती दोरी बोटांना कापते.

याचा अर्थ तरुण कुत्र्याला पळायला नकोच असं नाही. ६ आठवडे नुसत्या टॉवेलवर काढणं अन्याय झाला असता. शनिवारी भाचा यायचा आणि त्याला मनसोक्त दौडवायचा, तेही हवंच होतं. फक्त क्रम बदलला. आधी दौड, मग त्याच मैदानात दहा मिनिटं संथ हुंगणं, मग घरी चघळणं. उतार न ठेवता दौडीवरून थेट घरात आणलं की तापलेला तवाच घरात येतो. आणि आजारपण दोन-तीन दिवसांच्या तापाचं असेल तर एवढा व्यापही करायची गरज नाही. फेऱ्या चुकल्या तर चुकल्या, शी-शूची सोय झाली की पुरे.

एक चुकामूक उलट्या बाजूनेही होते. नेहमी नाचणारा कुत्रा अचानक पडून राहायला लागला, जेवण सोडलं, दार वाजल्यावर उठला नाही, तर तो निवलेला नाही, आजारी आहे. आणि आजाऱ्याच्या घरात त्याचं कारण बऱ्याचदा उशाशीच असतं. वेदनाशामक गोळ्या, त्यातही आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, कुत्र्याला विषारी ठरतात. दुखऱ्या भागावर चोळायची जेलही तो चाटून पोटात घेतो. माझ्या गोळ्यांचा डबा पहिले चार दिवस पलंगावरच लोळत होता, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. संशय आला तर लक्षणांची वाट न बघता गोळीचं पाकीट घेऊन पशुवैद्य गाठायचा.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा बंड्याला घेऊन बाहेर पडले, एका हातात काठी, दुसऱ्यात पट्टा, भाचा शेजारी. तो ओढणार म्हणून मी दात आवळून तयार. बंड्याने पहिल्या खांबाला नाक लावलं आणि तिथेच रुतला. माझ्या घोट्याला तेवढंच झेपत होतं. तिसऱ्या खांबापर्यंत पोचायला आम्हाला बारा मिनिटं लागली.