अडगळीला मोड येईना तेव्हा

तांब्या-पितळेची जुनी भांडी दुकानात नेली की दुकानदार ती तराजूत टाकतो आणि मोडीचा भाव सांगतो. घडणावळ गेली, नक्षी गेली, उरलं ते धातूचं वजन. ‘याला मोड चांगली येते’ किंवा ‘याला मोड येत नाही’ हे आपण दागिन्यांबद्दल अजूनही म्हणतो. घरातली नको असलेली वस्तू नीट मार्गी लावायची म्हणजे काय, याचा पुण्यातला इतिहास या एका शब्दाच्या आधाराने सांगता येतो. वस्तूला मोड येत होती तोवर तिची वाट आपोआप ठरत होती. मोड न येणाऱ्या वस्तू घरात शिरल्यावर प्रश्न उभा राहिला.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत घण चालायचे ते नव्या मालासाठी आणि जुन्याच्या दुरुस्तीसाठीही. हंड्याला पोचा आला तर ठोकून सरळ व्हायचा, बूड गेलं तर नवं बसायचं. कल्हईवाला नवसागर आणि कथील घेऊन वाड्याच्या चौकात भट्टी मांडायचा, की पातेलं आणखी काही महिने आंबट पदार्थांना चालायचं. साठ-सत्तरच्या दशकांत स्टील आलं आणि घरोघरची तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली. त्यात पिढीजात घंगाळी आणि बंबही गेले, याची चुटपुट आजही अनेक घरांत आहे. पण तो धातू कचऱ्यात गेला नाही. तो वितळला आणि पुन्हा कशाचा तरी भाग झाला.

कापडाची वाट आणखी लांब असायची. सुती नऊवारी लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, बाळाची दुपटी व्हायची. तीही जीर्ण झाली की फडकं, मग पोतेरं, आणि शेवटचा बोळा बंब पेटवायला. जे कपडे धड होते पण नकोसे झाले होते, त्यांच्यासाठी बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. माझी आजी दुपारी ओट्यावर बसून तिच्याशी तासभर घासाघीस करायची. दोन पँटी आणि एक शर्ट जास्तीचा देऊन पातेल्याऐवजी झाकणाचा डबा मिळवायची. जरीच्या साडीला भाव वेगळा, कारण खऱ्या जरीतली चांदी काढता येते. कपड्यांतले बरे ते धुऊन, शिवून पुन्हा विकले जायचे. उरलेल्या चिंध्या छापखान्यात आणि गॅरेजमध्ये यंत्रं पुसायला जायच्या. मंगळवार पेठेजवळचा, बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार याच साखळीतला. तिथे पंख्याची एक पाती, कुलपाशिवायची किल्ली, रेडिओचं बटणसुद्धा गिऱ्हाइकाची वाट बघत पडलेलं असतं.

हे सगळं आठवताना मन हळवं होतं, पण एक गोष्ट सोडून चालणार नाही. काटकसर घरातल्या बाईची होती. उरलेला कचरा उचलण्याचं काम मात्र जातीने ठरलेलं होतं. पुण्यात कुंड्यांमधून कागद, काच, लोखंड वेचणाऱ्या बहुतेक दलित समाजातल्या बायका होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींची कुटुंबं 1972 च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. पहाटे अंधारात निघायचं, कुंडीत हात घालून हाताला लागेल ते काढायचं, पोतं भरून भंगारच्या दुकानात वजनाला द्यायचं. कुत्री अंगावर यायची, पोलीस चोरीच्या संशयावरून अडवायचे. शहरातल्या जुन्या वस्तूंची पुढची वाट त्या चालवत होत्या आणि शहराच्या हिशेबात त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

हे बदलायला सुरुवात झाली ती 1990 च्या सुमारास. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागात पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण काम करत होत्या. कचरावेचक बायकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की लोकांनी घरातच कचरा वेगळा केला तर या बायकांना कुंडीत उतरावं लागणार नाही, मालही स्वच्छ मिळेल आणि भाव जास्त येईल. काही वस्त्यांत तसं सुरू झालं. मग कोणी गाडी लावून तोच कचरा उचलायला आलं, तेव्हा संघटनेची गरज उघड झाली. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव पाठीशी उभे राहिले. मे 1993 मध्ये पहिला मेळावा झाला, त्याला 800 हून अधिक कचरावेचक आल्या, आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली.

या नावापाशी मी नेहमी थबकतो. कागद, काच, पत्रा. मोड येणाऱ्या वस्तूंची ती यादी आहे. प्लास्टिक त्या नावात नाही, फोम नाही, थर्माकोल नाही.

पंचायतीने मिळवलेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे ओळखपत्र. त्यावर पुणे महापालिकेची मोहोर आली. चोर म्हणून हटकली जाणारी बाई कागदोपत्री कामगार ठरली. पुढे 2007 मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था नोंदवली गेली आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारोदार जाऊन ओला-सुका कचरा घ्यायचा, घराकडून महिन्याचं शुल्क घ्यायचं, आणि सुक्यातलं विकण्याजोगं विकून ते पैसे कचरावेचकाने स्वतः ठेवायचे. हे शेवटचं कलम फार महत्त्वाचं आहे. आपण वर्तमानपत्रात उरलेली भाजी गुंडाळून देतो, तेव्हा त्या कागदाची मोड आपण तिच्या हातातून काढून घेतलेली असते.

ज्याला मोड येत नव्हती ते मात्र शहराबाहेर जात राहिलं. आधी कोथरूडचा कचरा डेपो. वस्ती तिथवर पोचली तेव्हा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे वळला. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. उरुळी-फुरसुंगीच्या लोकांच्या विहिरींचं पाणी खराब झालं, ढिगांना आगी लागल्या, गाड्या अडवणारी आंदोलनं झाली. पुण्याची अडगळ म्हणजे कुणाच्या तरी शेताशेजारचा डोंगर, हे ती गावं तीन दशकं सांगत आली आहेत, आणि मला वाटतं आपण ते पुरेसं ऐकलेलं नाही.

याच काळात घरं बदलली. वाडे पाडून सदनिका झाल्या, माळे गेले. उदारीकरणानंतर वस्तू स्वस्त झाल्या आणि दुरुस्ती महाग. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता यायची. फोमची गादी बसली की बसली. ती भंगारवाला घेत नाही, कचरागाडी घेत नाही, म्हणून रात्री ओढ्याकाठी किंवा नदीपात्रात टाकली जाते. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल वजनाला काहीच भरत नाही आणि जागा मात्र पोतंभर खातो, मग तो नेऊन विकणं कुणाला परवडणार?

विजेच्या वस्तूंची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण त्यांना मोड येते, पण अर्धीच. जुन्या टीव्हीतलं तांब्याचं वेटोळं काढून घेतात आणि शिसं असलेली जाड काच फेकून देतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर लोखंड आणि तांब्यासाठी कापला जातो, आतला वायू हवेत सोडला जातो. वायरीवरचं प्लास्टिक सोलायला वेळ लागतो, म्हणून वायरी उघड्यावर जाळतात. तो काळा धूर जाळणाऱ्याच्या छातीत आधी जातो. म्हणजे ‘भंगारवाल्याने पैसे देऊन नेलं, मार्गी लागलं’ हा आपला जुना समज इथे चुकतो.

कायदा इथे उशिरा आला. घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम 2000 चे. अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेची त्यामागे मोठी भूमिका होती. ई-कचऱ्याचे नियम 2011 मध्ये आले आणि 1 मे 2012 पासून लागू झाले. वस्तू बनवणाऱ्याने ती निकामी झाल्यावरही तिची जबाबदारी घ्यायची, हे तत्त्व ई-कचऱ्यासाठी त्यांत आलं. 2022 च्या नव्या नियमांत, जे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, उपकरणांची यादी 21 वरून 106 पर्यंत वाढली. मोड येत नसेल तर बनवणाऱ्याने पदरचा खर्च करायचा, असा त्याचा साधा अर्थ. पुण्यातल्या कचरावेचकांनी हेच 2013 मध्ये आपल्या पद्धतीने मांडलं होतं: वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे हाताळावे लागतात म्हणून त्यांनी ते पोत्यांत भरून उत्पादक कंपन्यांकडेच परत पाठवले. 2016 च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पॅडसोबत गुंडाळायला पाकीट द्यावं, अशी तरतूद आली.

सध्या शहरात वाटा आहेत, फक्त त्या माहीत करून घ्याव्या लागतात. ‘स्वच्छ’चे लोक सोसायट्यांमध्ये ठरलेल्या दिवशी जुने कपडे, फर्निचर, बिघडलेली उपकरणं गोळा करतात. ‘पूर्णम इकोव्हिजन’ ई-कचरा आणि प्लास्टिकच्या संकलन मोहिमा घेते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्तीसाठी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे आपल्या पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलने, अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत दिली आणि महापालिकेने ती पूड वाटली. मूर्ती बादलीत विरघळते. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट म्हणजे खत, तळाशी कॅल्शियम कार्बोनेट.

देवाच्या जुन्या तसबिरींसाठी मात्र अजून पिंपळाचा पार शोधला जातो. पावसात भिजलेल्या, काच फुटलेल्या तसबिरी तिथे वर्षानुवर्षं पडून असतात. खरं तर तसबीर म्हणजे कागद, काच आणि कधी पत्र्याची, कधी लाकडाची चौकट. आमच्या घरी गेल्या वर्षी आईने पाच तसबिरींना हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि मग मागचे खिळे काढायला मला बसवलं. चित्रं तिने कुंडीतल्या मातीत पुरली. काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं ठळक लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात, पोत्यात न टाकता, वेगळी दिली.