शेंगदाण्यांवर पिळलेलं लिंबू

आमच्या शेजारी एक काका राहतात. आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलं, त्यातली वीसेक वर्षं दारूत. सहा वर्षांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, तेव्हापासून थेंब नाही. मागच्या उन्हाळ्यात भाच्याच्या हळदीला गेले. मांडवामागे पोरं बसली होती; कुणीतरी खारे शेंगदाणे, चिरलेला कांदा, वर लिंबू पिळलेली ताटली पुढे सरकवली. बाटली दिसतही नव्हती. "सर, तोंडाला पाणी सुटलं ते सोडा," काका सांगत होते, "हात थरथर कापायला लागले. तेव्हा कापायचे तसेच."

घरच्यांचं निदान तयार होतं: मन कच्चं. एका मेहुण्याचं त्याहून भारी: "सहा वर्षं झाली की, आता एखादा पेग घेतला तर काय होतंय?" दोन्ही चूक. हात का कापले असावेत, याचं उत्तर उंदरांनी चाळीसेक वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय.

पावलॉवचा कुत्रा शाळेत भेटलेला असतोच. घंटा, मग अन्न. पुढे नुसत्या घंटेनं लाळ. या हिशेबानं दारूच्या खाणाखुणा दिसल्या की थोडी नशा चढायला हवी. घडतं ते उलटं. दारूनं शरीराचं तापमान उतरतं. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना ठरावीक जागी पुन्हा पुन्हा दारू टोचली. काही दिवसांनी तिथं त्यांचं तापमान फारसं उतरेना. मग त्याच जागी दारूऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलं, तर तापमान चक्क चढलं! जागा ओळखून शरीर आधीच उलट दिशेला जोर लावून बसलं होतं. रस्सीखेचीत समोरच्यानं अचानक दोर सोडल्यावर आपण मागे कोलमडतो, तसं.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले शेपर्ड सीगल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये हेच हेरॉइनवर तपासलं. उंदरांना एका खोलीत वाढत्या मात्रेनं हेरॉइनची सवय लावली, आणि शेवटी एक मोठा डोस दिला. सवयीच्या खोलीत ३२ टक्के उंदीर मेले. तोच डोस वेगळ्या खोलीत दिला, तर ६४ टक्के. ज्यांना कधीच हेरॉइन दिलं नव्हतं, त्यांच्यातले ९६ टक्के. औषध तेच, मात्रा तीच, फरक फक्त खोलीचा. म्हणजे ज्याला आपण 'पचवायची ताकद' म्हणतो, तिचा बराच भाग लिव्हरमध्ये नसून ओळखीच्या भिंतींत असतो.

आता काकांकडे येऊ. दारू मज्जासंस्थेला शांत करते, तेव्हा तिच्या विरुद्ध लावलेला जोर म्हणजे अस्वस्थता, घाम, थरथर. शेंगदाणे ही काकांची खोली होती. शरीरानं जोर लावला आणि पलीकडून दारू आलीच नाही.

पण सहा वर्षांत हे पुसलं कसं गेलं नाही? पावलॉवनंच पाहिलं होतं, की अन्न न देता घंटा वाजवत राहिलं तर लाळ थांबते, आणि थोड्या विश्रांतीनंतर आपोआप परतते. जुना धडा खोडला जात नाही, त्याच्यावर नवा लिहिला जातो. हा नवा धडा मेंदूच्या पुढच्या भागातलं प्रीफ्रंटल कॉर्टेक्स सांभाळतं, आतल्या अमिग्डालाला, म्हणजे भावना उसळवणाऱ्या भागाला, दाबून धरतं. दाबायचं कुठं आणि कुठं नाही, हे हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी आणि जागा ओळखणारा भाग, जागेवरून ठरवतो. म्हणून नवा धडा जागेला चिकटलेला राहतो, जुना मात्र कुठंही उगवतो. केंद्रात महिनाभर तल्लफ नसलेला माणूस आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर घसरतो, तो यामुळे. त्यात झोप झालेली नसेल तर दाबणारा हातच ढिला पडतो. एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या) बैठकांमध्ये भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांपासून जपायला सांगतात, ते उगाच नाही.

उलट बाजूही खरी आहे. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात अडकले. कारणं अनेक असतील, पण खोली हजारो मैल मागे राहिली होती, हे त्यातलं मोठं. आपल्याकडे माळ घातल्यावर कित्येकांची दारू सुटते, तिथंही मला हेच दिसतं. मण्यांत काही नसतं. संध्याकाळी सातला माणूस गुत्त्याऐवजी भजनात बसलेला असतो.

चीड येते ती 'न सांगता दारू सोडवा' या भिंतीवरच्या जाहिरातींची. भाजीत पूड कालवायची म्हणे. पुडीत काय आहे कुणाला ठाऊक? डायसल्फिरम हे दारू सोडवण्याचं औषध असेल, तर ते दारूपासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य शरीरात साचवतं. नकळत दिलेल्या माणसानं वर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीत, घेणाऱ्याला सांगूनच द्यायचं. आणि रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करणंही धोक्याचं, फिट येऊ शकतात.

अजून एक. दारू सुटली म्हणून तंबाखूकडे काणाडोळा होतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये व्यसनावर उपचार घेतलेल्यांच्या २२२ मृत्यूंची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक मृत्यू तंबाखूशी संबंधित होते, दारूशी सुमारे एक तृतीयांश. हे वाचून दाखवल्यावर काकांनी तंबाखूची पुडी खिशात टाकली. फेकली नाही.

हल्ली ते दुपारी घरी, नातीबरोबर, लिंबू पिळून शेंगदाणे खातात. "काही होत नाही सर, हात बघा," म्हणाले. "आता पुतण्याच्या हळदीला बसायला हरकत नाही ना?"

मी म्हटलं, "काका, ती खोली वेगळी." गेले ते, पण घरून जेवून, आणि साडेआठला परत आले.