रोजगार हमीचा पैसा कोण देतो? तासगाव ते दिल्ली, एका कायद्याची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या (मनरेगाच्या) जागी नवा कायदा मंजूर केला. ‘विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)’ हे त्याचं नाव. २१ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि लगेच पुण्यातल्या सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमधून त्याचे तक्ते फिरू लागले. एका रकान्यात जुनं, दुसऱ्यात नवं. १०० दिवसांचे १२५ दिवस, मजुरी आठवड्याला, शेतीच्या हंगामात ६० दिवस कामं बंद, आणि सगळ्यात खाली, बहुतेक जण वाचून पुढे सरकतात ती ओळ: केंद्र-राज्य खर्चाचं प्रमाण ६०:४०.

पूर्वपरीक्षेला हा तक्ता पुरेल. पण यूपीएससीची मुख्य परीक्षा कायमच ‘का?’ विचारत आली आहे आणि राज्यसेवेची मुख्यही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. या कायद्याच्या ‘का’चं उत्तर शोधायला दिल्लीला जावं लागत नाही, ते महाराष्ट्रातच आहे. माझ्या मते ते तक्त्याच्या त्या शेवटच्या ओळीत आहे. हमी किती खरी, हे तिचा पैसा कुठून येतो आणि काम नाकारण्याचा भुर्दंड कोणाला बसतो यावर ठरतं. साठ वर्षांचा इतिहास या एका दोरीने ओवता येतो.

सुरुवात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, १९६५ च्या सुमाराला. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षं ते त्या पदावर राहिले. गांधीविचाराचा हा माणूस. विसापूर आणि आसपासच्या गावांत त्यांनी एक छोटा प्रयोग मांडला: अंगमेहनत करायला जो तयार आहे त्याला सरकारने काम द्यायचं, आणि त्या कामातून गावाच्या जमिनीचं, पाण्याचं भलं व्हायचं. ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना इथली. दुष्काळी काम आणि हे काम यात फरक होता. दुष्काळी कामं सरकार आपल्या मनाने काढतं आणि आपल्या मनाने बंद करतं. पाग्यांच्या कल्पनेत मागणी मजुराकडून येते.

प्रयोग छोटाच राहिला असता, पण लागोपाठ पावसाने दगा दिला आणि १९७२ चा दुष्काळ आला. आजही गावाकडे बहात्तरचा म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळपास ५० लाख लोक सरकारी कामांवर होते. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडणं. बाया-माणसं दिवसभर हातोडीने दगड फोडायची, संध्याकाळी मुकादम ढीग मोजायचा, हजेरीपटावर अंगठा उठायचा. मुलांना सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. अभ्यासिकेत बसलेल्या कितीतरी मुलामुलींच्या आजीने ती खडी फोडली आहे. घरी फोन करून तिला विचारा, कोणत्याही नोट्समध्ये नाही ते कळेल.

पुण्याचा या गोष्टीत मोठा वाटा आहे. लकडी पूल ओलांडून डेक्कनवरून बीएमसीसी रस्त्याला लागलं की गोखले अर्थशास्त्र संस्था लागते. तिथल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दारिद्र्यरेषेच्या चर्चेत तो परीक्षेला येतोच. पण त्यांनी सुचवलेला उपाय मात्र बहुतेकांच्या वाचनातून निसटतो: निव्वळ जमीनवाटपाने ग्रामीण गरिबी हटणार नाही, हाताला काम हवं असलेल्यांसाठी शासनाने सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी द्यावी. राज्यकर्त्यांपुढे प्रत्यक्ष दुष्काळ उभा असताना अर्थशास्त्रज्ञांनीही तीच वाट दाखवली होती.

दुसरं नाव विलासराव साळुंखे यांचं. पुण्यातले अभियंता-उद्योजक. दुष्काळात पुरंदर तालुक्यातली कामं पाहून ते अस्वस्थ झाले. हजारो माणसं राबतायत आणि मागे उरतोय खडीचा ढीग, पाणी नाही. त्यातून १९७४ मध्ये नायगावला पाणलोटाचं काम उभं राहिलं आणि पुढे पाणी पंचायत. ‘मत्ता निर्मिती’ हा शब्द आपण उत्तरात सहज लिहितो. मजुरी तर दिली, पण त्या मजुरीतून गावात काय उभं राहिलं, हा प्रश्न त्या शब्दामागे आहे, आणि नव्या कायद्याच्या समर्थकांचाही एक मुख्य मुद्दा हाच आहे.

वसंतराव नाईकांच्या सरकारने १९७२ मध्येच रोजगार हमी योजना (रोहयो) जाहीर केली होती. दुष्काळी कामांच्या रेट्यात ती मागे पडली आणि दुष्काळ ओसरल्यावर पुन्हा पुढे आली. पण पैसा? दुष्काळात केंद्राची मदत येते, एरवी नाही. उत्तर म्हणून राज्याने १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लावला.

घरात कोणी नोकरदार असेल तर त्याचं पगारपत्रक घेऊन बसा. दरमहा २०० रुपये ‘व्यवसाय कर’ कापलेला दिसेल आणि फेब्रुवारीत ३००. हे शंभर जास्त का? कारण अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे मिळून होतात २५००, आणि घटनेच्या कलम २७६ नुसार एका व्यक्तीकडून वर्षाला याहून जास्त व्यवसाय कर घेता येत नाही. मूळ मर्यादा २५० रुपयांची होती, ती १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने वाढवली. राज्यघटना आणि अर्थव्यवस्था हे दोन विषय एका पगारपत्रकावर असे भेटतात. या कराच्या जोडीला बिगरनिवासी मिळकतींवर रोजगार हमी उपकर आला, मोटार वाहन, विक्रीकर, बागायती जमीन यांवर अधिभार आले, आणि जमा रकमेच्या बरोबरीने राज्याने आपला हिस्सा घालायचा असं ठरलं.

म्हणजे मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने आणि दुकानदाराने मराठवाड्यातल्या, माणदेशातल्या मजुराच्या कामाचा पैसा दिला. शहराने हे का मान्य केलं, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. दुष्काळात शहराकडे येणारे लोंढे थांबावेत ही एक गरज होती. गावातल्या जमीनदार वर्गालाही रस्ते, बंधारे हवेच होते. हेतू काही असोत, जगात क्वचित दिसणारी गोष्ट इथे घडली: ग्रामीण मजुराच्या हक्कासाठी वेगळा कर आणि वेगळा निधी.

हक्काला कायद्याचं रूप १९७७ मध्ये मिळालं. दोन्ही सभागृहांत विधेयक एकमताने मंजूर झालं, पुढच्या वर्षी राष्ट्रपतींची संमती आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमल सुरू झाला. रोजगार व बेरोजगारी हा विषय समवर्ती सूचीत, नोंद २३ मध्ये आहे, आणि कलम ४१ मधला कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्वांत. म्हणजे न्यायालयात मागता येत नाही अशा तत्त्वाला एका राज्याने कायदेशीर हक्क बनवलं. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता, ठेकेदार नको, खर्चाचा मोठा वाटा मजुरीवर. मनरेगाची म्हणून आपण पाठ करतो ती बहुतेक वैशिष्ट्यं ही.

प्रत्यक्षात सगळं सुरळीत होतं असं कोणी म्हणू नये. हजेरीपटावर खोटी नावं, मोजमापात मारलेली मजुरी, अर्ज न स्वीकारणं, बेकारी भत्ता जवळपास न मिळणं या तक्रारी जुन्या आहेत. ऐन सुगीत मजूर मिळत नाहीत हे बागायतदारांचं गाऱ्हाणंही योजनेइतकंच जुनं, त्यामुळे नव्या कायद्यातली हंगामी बंदी अचानक उगवलेली नाही. तरीही बायका या कामांवर मोठ्या संख्येने आल्या, हे पहिल्या दशकातल्या अभ्यासांनीच नोंदवलं. गावातल्या शेतमालकापुढे मजुरीसाठी उभं राहण्याखेरीज दुसरी वाट मिळणं ही त्यांच्यासाठी केवढी गोष्ट होती, हे आकड्यांत मावत नाही.

१९८८ मध्ये किमान वेतन दुपटीने वाढलं आणि रोहयोची मजुरीही त्याबरोबर वाढली. मग कामावरची उपस्थिती घटली. वाढलेल्या मजुरीला लोक नको म्हणतील का? अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले तेव्हा निष्कर्ष निघाला की कामं काढण्यावरच हात आखडता घेतला गेला होता. कायद्यातलं एक अक्षरही बदललं नव्हतं, तरी हमी पातळ झाली. नव्या कायद्यामुळे राज्यं कामंच कमी काढतील अशी जी भीती आज व्यक्त होते तिचं हे सर्वात जवळचं उदाहरण आहे आणि ते आपल्याच राज्यातलं आहे. उत्तरात वापरा. १९९० मध्ये रोहयोतून फळबाग लागवड सुरू झाली. रोजगार हमी आणि फलोत्पादन ही खाती मंत्रिमंडळात आजही एकाच मंत्र्याकडे असतात, त्याचं मूळ इथे.

मधल्या काळात केंद्राच्या योजना येत-जात राहिल्या: १९८० चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार कार्यक्रम, १९८९ ची जवाहर रोजगार योजना, १९९३ ची रोजगार आश्वासन योजना, २००१ ची संपूर्ण ग्रामीण रोजगार योजना. सालं पाठ करा आणि एवढं लक्षात ठेवा की यांपैकी एकीतही मजुराला कायद्याने काही मागता येत नव्हतं.

ते २००५ मध्ये बदललं. राजस्थानातल्या मजूर संघटनांचा लढा, अन्नाच्या हक्काची सर्वोच्च न्यायालयातली याचिका, २००४ च्या किमान समान कार्यक्रमातलं आश्वासन, आणि नमुना म्हणून महाराष्ट्राचा कायदा. ऑगस्ट २००५ मध्ये संसदेने कायदा मंजूर केला. २ फेब्रुवारी २००६ ला आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यातून, २०० जिल्ह्यांत अंमल सुरू झाला, १ एप्रिल २००८ पासून देशभर. गांधीजींचं नाव २ ऑक्टोबर २००९ ला जोडलं गेलं.

पैशाची रचना इथे मोठ्या विचाराने केली होती. अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा, साहित्याचा तीन-चतुर्थांश केंद्राचा. पण १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता राज्याने आपल्या खिशातून द्यायचा. काम दिलं तर पैसे दिल्लीचे, नाकारलं तर स्वतःचे. गरीब राज्यालाही काम काढणंच परवडावं अशी ही तजवीज होती.

महाराष्ट्राने स्वतःचा कायदा सोडला नाही. केंद्रीय कायद्याच्या कलम २८ ने राज्याचा स्वतःचा कायदा चालू ठेवायला वाट ठेवली होती, तिचा आधार घेऊन राज्याने २००६ मध्ये १९७७ चा कायदा सुधारला. प्रति कुटुंब १०० दिवसांचा भार केंद्रावर आणि त्यापुढच्या दिवसांचा राज्यावर, अशी सांगड बसली. म्हणून १०० विरुद्ध १२५ हा तक्ता महाराष्ट्रापुरता तरी दिशाभूल करतो. इथे कागदावरची हमी आधीपासून वर्षभराची आहे.

केंद्रीय योजनेचीही झीज झालीच. २००९ मध्ये मजुरी राज्यांच्या किमान वेतनापासून तोडली गेली. निधी उशिरा आला, मजुरी रखडली. मोबाइलवरची हजेरी आणि आधारशी जोडलेलं वेतन यांनी बोगस नावांना आळा बसला असं सरकार म्हणतं. नेटवर्क नसलेल्या गावात खरे मजूरही वगळले गेले, असं कार्यकर्ते म्हणतात. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि उत्तरात दोन्ही यायला हव्यात.

आता नवा कायदा पुन्हा वाचा. बहुतेक राज्यांसाठी ६०:४०, ईशान्य आणि हिमालयीन राज्यांसाठी ९०:१०. प्रत्येक राज्याला दरवर्षी किती पैसा, हे केंद्र निकष लावून आधी ठरवणार, त्यापुढचा खर्च राज्याचा. कामं जलसुरक्षा, ग्रामीण पायाभूत सुविधा, उपजीविका आणि हवामानाच्या तडाख्यांपासून बचाव या चार गटांत. केंद्राचं म्हणणं असं की राज्यांचा पैसा गुंतला की त्यांचं लक्षही राहील, अंदाजपत्रक नेमकं होईल आणि टिकाऊ कामं उभी राहतील. साळुंखे यांची अस्वस्थता आठवली तर यातला शेवटचा भाग टाकून देता येत नाही. पण २००५ ची तजवीज इथे उलटली आहे. काम दिलं तरी राज्याचा खर्च आहे, ठरलेल्या रकमेपुढे तर पूर्ण राज्याचाच. दुष्काळी वर्षी मागणी वाढेल तेव्हाच राज्याची तिजोरीही ओढगस्तीत असेल.

हे सगळं प्रत्यक्षात चालतं ते तहसील कार्यालयात. महाराष्ट्रात योजनेचा कार्यक्रम अधिकारी तहसीलदार असतो आणि जिल्ह्याला उपजिल्हाधिकारी (रोहयो) हे स्वतंत्र पद आहे. मजूर नमुना ४ भरून काम मागतो, आणि नमुना ५ ही त्याची तारीख घातलेली पोच. ही पोच दिली की १५ दिवस मोजायला सुरुवात होते. पोचच दिली नाही तर बेकारी भत्त्याचा दावा उभाच राहत नाही, आणि जुन्या-नव्या कुठल्याही कायद्यातला हक्क त्या टेबलापाशी संपतो. ज्या पदांसाठी तुम्ही पहाटेपासून लायब्ररीत बसता त्यांतलीच ही पदं आहेत.

नवा कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत प्रत्येक राज्याने आपली योजना तयार करायची आहे. महाराष्ट्रापुढे यात इतर राज्यांपेक्षा एक प्रश्न जास्त आहे: १९७७ चा कायदा आणि त्याच्यासाठी लावलेला व्यवसाय कर. राज्याचा ४० टक्के वाटा या कराच्या पैशातून जाणार की वेगळी तरतूद होणार, आणि १२५ दिवसांपुढे काम मागणाऱ्याला राज्य आपल्या कायद्याने काम देत राहणार का, हे नियोजन विभागाच्या रोहयो प्रभागाच्या शासन निर्णयांत आणि अर्थसंकल्पातल्या त्याच्या अनुदानाच्या मागणीत दिसेल. वर्तमानपत्राच्या कात्रणांसोबत ही दोन कागदपत्रंही वाचत राहा.