संगणकभाषा : उगम व आरंभकाळ

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा माणसाला लिहिता-वाचता येतील अशा चिन्हांत मांडण्याची आणि त्या चिन्हांचा अर्थ यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवण्याचे काम यंत्राकडूनच करून घेण्याची नियमबद्ध पद्धती. या व्याख्येचा उत्तरार्ध सैल धरल्यास संगणकभाषांचा आरंभ अठराव्या शतकातील विणकामापर्यंत मागे नेता येतो. काटेकोर धरल्यास तो साधारणपणे १९५० च्या आसपास येऊन थांबतो. उगमाविषयीचे बहुतेक मतभेद यातूनच उद्भवले आहेत.

सोलापुरी चादरीची नक्षी ज्या जॅकार्ड मागाने घराघरांत पोहोचवली, त्याचा उल्लेख या इतिहासाच्या प्रारंभी नेहमी येतो. फ्रान्समधील ल्यों येथे बूशों याने १७२५ मध्ये भोके पाडलेली कागदी पट्टी मागाला जोडली, तर फाल्कों याने १७२८ च्या सुमारास तिच्या जागी एकमेकांत ओवलेली कार्डे आणली. पुढे व्होकांसाँच्या यंत्राचा आधार घेऊन जाकार याने (जॅकार्ड हे नाव त्याचेच) १८०४ मध्ये ही रचना व्यवहारात टिकेल अशी केली. त्यामुळे कार्डाचे जनकत्व एकट्या जाकारकडे देणे योग्य ठरत नाही. मागावर दर आडव्या धाग्यामागे एक कार्ड पुढे येते. भोक असेल तेथे सुई आरपार जाऊन तिचा हूक उभा धागा उचलतो. भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. नक्षी बदलायची तर कार्डांची माळ बदलावी लागते, मागाची मूळ बांधणी तीच राहते. यंत्र आणि त्याच्या आज्ञा वेगळ्या ठेवण्याची ही कल्पना संगणकाच्या इतिहासात फार मोलाची आहे. तरीही आलेख कागदावर चौकटी भरून काढलेली नक्षी वाचून पुठ्ठ्याला भोके पाडण्याचे काम कारागिराचेच असे. माग फक्त भोके ओळखत असे. म्हणून जॅकार्डमध्ये आज्ञावली (प्रोग्रॅम) आहे पण भाषा नाही, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. कारागिराचे हे काम जेव्हा यंत्रावर सोपवले गेले, तेव्हापासून संगणकभाषेचा इतिहास सुरू होतो. (इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड जेथे बसवले आहे, तेथे कार्डांची माळ जाऊन नक्षी संगणकातील फाईलमध्ये आली आहे.)

चार्ल्स बॅबेज याने १८३६ मध्ये आपल्या नियोजित विश्लेषक यंत्रासाठी (आज्ञांनुसार आकडेमोड करणाऱ्या यांत्रिक गणकासाठी) जाकारची कार्डे स्वीकारली. त्या यंत्रावरील मेनाब्रेआच्या फ्रेंच लेखाचा एडा लव्हलेस हिने केलेला इंग्रजी अनुवाद १८४३ मध्ये तिच्या विस्तृत टिपांसह प्रसिद्ध झाला. त्यांतील शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या (गणितातील एक विशिष्ट संख्यामाला) काढण्याचा तक्ता असून त्यावरून तिला पहिली प्रोग्रॅमर म्हटले जाते. बॅबेजच्या १८३६ ते १८४० या काळातील कागदपत्रांत अशा प्रकारचे तक्ते आधीच आढळतात, याकडे ॲलन ब्रोमली यांनी लक्ष वेधले आहे. मात्र बर्नुलीच्या आकडेमोडीत बॅबेजने केलेली गंभीर चूक तिनेच पकडल्याचे स्वतः बॅबेजने नोंदवले आहे. त्यामुळे तिचा वाटा केवळ अनुवादाचा मानता येत नाही. अर्थात हा तक्ता म्हणजे क्रियांची क्रमवार नोंद आहे. तिला भाषा म्हणणे कठीण आहे.

जर्मनीत कोनराड त्सूझे याने १९४२ ते १९४५ च्या दरम्यान रचलेली ‘प्लानकाल्क्यूल’ ही पहिली उच्चस्तरीय भाषा, म्हणजे यंत्राच्या मूळ आज्ञांपेक्षा माणसाच्या मांडणीला जवळची भाषा, मानली जाते. तिच्यात त्याने बुद्धिबळासंबंधीच्या आज्ञावलीही लिहिल्या होत्या. परंतु तिचे संपूर्ण विवरण १९७२ मध्येच प्रकाशित झाल्यामुळे पुढील भाषांवर तिचा प्रभाव फारसा दिसत नाही.

पहिला संकलक, म्हणजे माणसाने लिहिलेल्या चिन्हांचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा कंपायलर, कोणता हा प्रश्न अधिक वादग्रस्त आहे. मॉक्ली यांनी १९४९ मध्ये सुचवलेल्या शॉर्ट कोड या संकेतपद्धतीमध्ये समीकरणांचे संकेतांत रूपांतर माणसाने हाताने करावयाचे असे, आणि यंत्र ते संकेत एकेक करून वाचत असल्याने काम सुमारे ५० पट मंदावे. ग्रेस हॉपर यांची ए-० प्रणाली १९५२ च्या सुमाराची. ‘कंपायलर’ ही संज्ञा तिच्यामुळे रूढ झाली, परंतु तयार उपआज्ञावली (आधीच लिहून ठेवलेले आज्ञावलीचे तुकडे) शोधून जोडणे एवढेच तिचे मुख्य कार्य होते. झुरिक येथे कोराडो बोम यांनी १९५१ च्या प्रबंधात संकलकाचे वर्णन त्याच्याच भाषेत केले, पण ते कागदावरच राहिले. मँचेस्टर येथील ॲलिक ग्लेनी यांचा ऑटोकोड १९५२ मध्ये प्रत्यक्ष चालला. क्नूथ आणि ट्रॅब पार्डो यांनी त्यालाच पहिला खरा संकलक मानले असून वरील व्याख्येशी तेच जुळते.

जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ या संगणकासाठी तयार केलेली फोर्ट्रान ही भाषा १९५७ मध्ये वापरात आली. संकलकाने तयार केलेल्या आज्ञा हाताने लिहिलेल्या आज्ञांच्या तोडीने वेगवान असू शकतात, ही खात्री तिच्यामुळे पटली. तिच्यावर पंचकार्डाचा, म्हणजे आज्ञा भोकांनी नोंदवण्याच्या कार्डाचा, ठसा उघड दिसतो : ८० स्तंभांच्या कार्डातील पहिले पाच स्तंभ विधानाच्या क्रमांकासाठी, सहावा मागील ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी, सात ते बहात्तर प्रत्यक्ष विधानासाठी असत. उरलेले आठ संकलक वाचतच नसे. तेथे अनुक्रमांक घातला की सांडलेली कार्डे पुन्हा ओळीने लावता येत.

पुढच्या तीन वर्षांत लिस्प, कोबोल आणि अल्गोल ६० या भाषांची पायाभरणी झाली. अल्गोलचे व्याकरण बॅकस यांच्या ज्या सूत्रपद्धतीत मांडले गेले, तिला पाणिनीचेही नाव द्यावे, असे इंगरमन यांनी १९६७ मध्ये सुचवले होते. अष्टाध्यायीतील सूत्ररचनेशी साम्य निश्चित आहे. तथापि बॅकस यांनी आपली प्रेरणा एमिल पोस्ट यांच्या गणिती कार्यातून आल्याचे सांगितले असल्याने, हे साम्य स्वतंत्रपणे निर्माण झाले असे मानणे इष्ट.

भारतात कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आलेल्या आयबीएम १६२० यंत्रावर फोर्ट्रानचे शिक्षण सुरू झाले. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक बसवण्यात आला आणि तो देशातील इतर संस्थांनाही वापरता येऊ लागला.