चाळीस पैशांची मोड

माझी भाची फोनवर एक छोटासा खेळ खेळते. वर रक्कम येते, खाली बटव्यातल्या नोटा आणि नाणी पसरलेली असतात, बाजूला वेळेची पट्टी भराभर आटत जाते. ती संपायच्या आत नेमके तितकेच पैसे काउंटरवर सरकवायचे. असे खेळ नवे नाहीत. 2005 च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या मेंदूला व्यायाम देणाऱ्या दुसऱ्या खेळातही गिऱ्हाइकाला मोड परत करण्याचा एक डाव होता.

मी तिच्या बोटाकडे पाहत बसतो. 37 रुपये आले की बोट आधी वीसच्या नाण्यावर जातं, मग दहावर, मग पाच, मग दोन. चार नाण्यांत काम फत्ते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. रकमेत बसेल असं सगळ्यात मोठं नाणं उचलायचं आणि उरलेल्या रकमेसाठी पुन्हा तेच करायचं. संगणकशास्त्रात या रीतीला ‘हावरट पद्धत’ म्हणतात, कारण ती समोरचा मोठा घास घेते आणि पुढचा विचार करत नाही.

असं केल्यानं दर वेळी कमीत कमी नाणी लागतात का? ते टांकसाळीनं कोणती नाणी पाडली आहेत यावर ठरतं.

जपानची नाणी 1, 5, 10, 50, 100 आणि 500 येनची. प्रत्येक लहान नाण्यानं पुढच्या मोठ्या नाण्याला पूर्ण भाग जातो. एक-एकची पाच नाणी जमली तर त्यांच्या जागी पाचचं एक ठेवता येतं, पाचची दोन जमली तर दहाचं एक. म्हणजे काटकसरीनं पैसे देणाऱ्याच्या हातातली लहान नाणी मिळून कधीच मोठ्या नाण्याइतकी होत नाहीत, आणि मोठं नाणं आधी उचलण्यात चूक होऊच शकत नाही. आपला जुना सोळा आण्यांचा रुपयाही असाच होता. त्याची निम्मी अधेली, तिची निम्मी पावली, तिची निम्मी चवली आणि चवलीचा निम्मा आणा. आजीच्या पिढीचा तोंडी हिशोब इतका चटपटीत होता, त्यात या निम्म्या-निम्म्याच्या रचनेचाही मोठा वाटा असावा असं मला वाटतं.

आजची आपली 1, 2, 5, 10, 20 ही नाणी या कसोटीत बसत नाहीत, कारण दोननं पाचला भाग जात नाही. तरीही हावरट पद्धत इथे चुकत नाही, आणि हे घरी बसून तपासता येतं. डेक्स्टर कोझेन आणि श्मुएल झाक्स या संगणकशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये सिद्ध केलं की ही पद्धत चुकणारच असेल, तर तिची सगळ्यात लहान चूक सर्वांत मोठ्या दोन नाण्यांच्या बेरजेच्या आतच सापडते. आपल्यासाठी ती बेरीज 20 अधिक 10, म्हणजे 30. तीसच्या आतल्या रकमा तपासल्या की पुढच्या सगळ्यांची खात्री झाली.

पण आपल्याच देशात ही पद्धत चुकत होती असा एक काळ होता. 1 एप्रिल 1957 पासून आणे जाऊन नवे पैसे आले आणि पंचवीस पैशांचं नाणं पाडलं गेलं. 1968 मध्ये कमळाचं चित्र असलेलं, पिवळसर वीस पैशांचं नाणं त्याच्या जोडीला आलं. आता चाळीस पैसे द्या पाहू. हावरट हात आधी 25 उचलतो, मग 10, मग 5, म्हणजे तीन नाणी. खरं तर विसाची दोन पुरेशी होती! पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 नंतर चलनातून गेली आणि त्यांच्यासोबत हा पेचही गेला.

अमेरिकेच्या नाण्यांबद्दल जेफ्री शॅलिट या संगणकशास्त्रज्ञानं 2003 मध्ये उलटा प्रश्न विचारला: कोणतं नाणं पाडलं तर मोड द्यायला सगळ्यात कमी नाणी लागतील? 1, 5, 10 आणि 25 सेंटच्या नाण्यांनी 99 सेंटपर्यंतची मोड देताना सरासरी 4.7 नाणी लागतात. दहाच्या जागी 18 सेंटचं नाणं आणलं तर ती सरासरी 3.89 वर येते. मात्र मग 36 सेंटला हावरट हात 25, 5, 5, 1 अशी चार नाणी काढतो, जिथे अठराची दोनच पुरतात. नाणी वाचली तरी गल्ल्यावरच्या माणसाचं डोकं शिणणार.

भाचीच्या खेळातली खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि एसटीच्या कंडक्टरला ती रोज भेटते. बटव्यात हवं ते नाणं असतंच असं नाही. पन्नासची एक नोट, विसाच्या तीन आणि पाचचं एक नाणं आहे, आणि द्यायचे आहेत 60. पन्नास आधी टाकले की संपलंच, कारण वरचे दहा जुळवताच येत नाहीत. टांकसाळीची नाणी कितीही सोयीची असोत, बटवा अपुरा असला की हावरट पद्धत अशी तोंडावर पडते.

मग सगळ्या जोड्या करून पाहायच्या का? प्रत्येक नग घ्यायचा किंवा सोडायचा असं धरलं तर पाच नगांच्या 32 जोड्या होतात, पण वीस नगांच्या दहा लाखांहून जास्त. यावरची युक्ती रिचर्ड बेलमन या गणितज्ञानं 1950 च्या दशकात मांडलेल्या विचारातून येते: एकदा काढलेलं उत्तर लिहून ठेवायचं, पुन्हा काढायचं नाही. सुरुवातीला पाटीवर फक्त 0 लिहा. पन्नासची नोट घेतली की 0 आणि 50 या रकमा देता येतात. पहिल्या विसानं त्यात 20 आणि 70 आले, दुसऱ्यानं 40 आणि 90, तिसऱ्यानं 60 आणि 110. साठ सापडले! वाटेत एकच रक्कम दोन रस्त्यांनी आली तरी पाटीवर ती एकदाच लिहायची. त्यामुळे जोड्या लाखांनी वाढल्या तरी पाटी फार मोठी होत नाही.

परवा मी भाचीला ही पाटी वहीवर काढून दाखवली. पाच सेकंदांत एवढं कोण लिहिणार, असं ती म्हणाली. पण आता 60 आले की पन्नासच्या नोटेला हात लावण्याआधी ती एकदा विसाच्या नोटा मोजते.